तळघरातील पाझर : ग्राउटिंगच्या कामाचा अनुभव
पुण्यातील आमच्या सोसायटीच्या तळघरात दर पावसाळ्यात भूजल चढले, की भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून पाणी झिरपत असे आणि प्लास्टरला लोणा लागून त्याचे पोपडे पडत. आधीच्या ठेकेदाराने आतून केवळ वॉटरप्रूफ रंग लावला होता. तो वर्षभरात फुगून सुटला, कारण बाहेर साचलेल्या १ मीटर उंच पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब असतो आणि तो आतल्या रंगाला भिंतीपासून ढकलत राहतो. या वेळच्या कारागिरांनी मात्र प्लास्टर काँक्रीटपर्यंत फोडले, सांध्यालगत तिरकी छिद्रे पाडून नोझल (आत द्रव सोडण्याची तोंडे) बसवले आणि पंपाने पॉलियुरेथेन हे द्रव रसायन दाबाने आत भरले; यालाच ग्राउटिंग म्हणतात. पाणी लागताच ते फेसाळून फुगते. शेजारच्या नोझलमधून पिवळसर फेस बाहेर आला, तेव्हाच त्यांनी पंप पुढे सरकवला, हे मी स्वतः उभे राहून पाहिले. त्यानंतर सिमेंटयुक्त लेपाचे दोन हात दिले. दोन पावसाळे सांधा पूर्ण कोरडा आहे. लिफ्टच्या खड्ड्यातील ओल मात्र अजून हटलेली नाही, आणि ते काम त्यांनी हमीच्या मुदतीतच पूर्ण करून द्यावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.