चोरलची फेरी: 11-28 की 11-34 कॅसेट?

इंदूरहून सायकलने सिमरोलमार्गे चोरल धरणाला जाताना घाट उतरायचा असतो. चढ वाट्याला येतो तो परतताना, पाय थकल्यावर आणि ऊन तापल्यावर. म्हणून गिअरचा, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचा (कॅसेटचा), विचार परतीच्या दृष्टीने करावा. 11-28 म्हणजे सर्वांत लहान चक्राला 11 दाते, सर्वांत मोठ्याला 28.

पुढे 34 दात्यांची चेनरिंग (पेडलपाशी असलेलं दातेरी चक्र) धरू. पेडलच्या मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर मागच्या 28 दात्यांच्या चक्रावर ताशी सुमारे 9 किमी वेग लागतो, 34 वर साडेसातच. घाटात वेग त्याखाली गेला की पेडल अडखळतं आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो.

11-28 चं सुख सपाटीवर. 11, 12, 13, 14, 15 अशी एकेका दात्याने वाढत जाणारी चक्रं असल्याने लय तुटत नाही. यशवंत सागर तलावाच्या बाजूला फिरणाऱ्यांनी तीच ठेवावी.

11-34 नुसती बदलून भागत नाही. डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लांब पिंजऱ्याचा हवा, चेनही बहुधा नवी, लांब लागते. आखूड चेन पुढच्या-मागच्या मोठ्या चक्रांच्या जोडीवर ताणली गेली तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो. शिमानोची एचजी-800 ही 11-34 कॅसेट अकरा-स्पीड रोड सायकलच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसवताना मागे 1.85 मिमीची चकती घालाच, नाहीतर कॅसेट खुळखुळते.

चोरलसाठी आमचं मत 34 लाच.