साखरपुड्याची अंगठी: १८ कॅरेट पिवळं सोनं, वर्षभर रोज घालून

रोज घालायची आणि हिरा बसवलेली अंगठी असेल तर १८ कॅरेट पिवळं सोनं घ्या, माझं मत आधीच सांगून टाकते. अंगठी घेऊन वर्ष होऊन गेलं, स्कूटर, कणीक, भांडी, ऑफिस सगळं त्याच हातानं चालू आहे आणि हिरा अजून घट्ट बसलाय, अंगठीचा गोल आकार तसाच आहे, बारीक चरे पडलेत पण डोळ्याजवळ नेल्याशिवाय दिसत नाहीत. दुकान पुण्यात लक्ष्मी रोडला आहे, नाव देत नाही कारण दोन गोष्टी खटकल्या त्या पण लिहिणार आहे.

घरी सगळ्यांचं एकच, सोनं म्हणजे २२. आईचं म्हणणं की उद्या मोडायची वेळ आली तर १८ ला काय येणार. आता हिशोब बघा, २२ म्हणजे ९१६, म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, १८ म्हणजे ७५०. घेताना तुम्ही ७५० च्याच भावानं पैसे देता आणि मोडताना पण त्याच हिशोबानं मिळतात, बुडते ती मजुरी आणि ती २२ मध्ये पण बुडतेच. खरा प्रश्न मऊपणाचा आहे. पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र २२ मध्ये छानच होतं, पण हिऱ्याला धरून ठेवणारे ते चार बारीक प्रॉन्ग २२ मध्ये केले तर ओढणीत नाहीतर केसात अडकून अडकून वाकायला लागतात, आणि प्रॉन्ग उचलला गेला की हिरा कधी पडला ते कळत पण नाही. हे काउंटरवरच्या काकांनी दुरुस्तीला आलेल्या अंगठ्या भिंगाखाली धरून आईला दाखवलं, घाई केली नाही, महागाचं गळ्यात मारायला बघितलं नाही. पूर्ण मार्क त्यांना.

व्हाइट गोल्डबद्दल मात्र दुसऱ्या सेल्समननं अर्धीच माहिती दिली, हे पहिलं खटकलेलं. सोनं मुळात पिवळंच, त्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळून ते फिकट करतात आणि वरून रोडियमचा मुलामा देतात, तो पांढराशुभ्र चकचकीतपणा त्या मुलाम्याचा असतो. रोज घातली की तो झिजतो, खालून पिवळट झाक दिसायला लागते आणि परत मुलामा द्यावा लागतो. मी विचारेपर्यंत यातलं काही सांगितलं नाही. निकेलनं काहींना बोटाला खाज सुटते, पुरळ येतं, ज्यांना खोट्या कानातल्यांचा त्रास होतो त्यांनी कुठलं मिश्रण आहे ते विचारूनच घ्या.

प्लॅटिनम सुंदर आहे, वादच नाही. पीटी ९५० म्हणजे ९५ टक्के शुद्ध, रंग स्वतःचाच पांढरा, मुलाम्याची भानगड नाही, त्वचेला सहसा त्रास नाही. चरा पडला तरी धातू फारसा झिजून जात नाही, बाजूला सरकतो, त्यामुळे प्रॉन्ग वर्षानुवर्षं टिकतात, पण चकाकी जाऊन मॅट होतं, माझ्या मावसबहिणीची झालीये आणि तिला ती तशीच आवडते. ग्रॅमचा भाव सोन्यापेक्षा कमी बघून हुरळून जाऊ नका, तीच डिझाइन १८ कॅरेटपेक्षा साधारण तीस टक्के जड होते आणि मजुरी पण जास्त. प्लॅटिनम १७६८ अंशाला वितळतं, सोनं १०६४ ला, म्हणून गल्लीतला सोनार साइज कमीजास्त करून देईलच असं नाही. मोडताना पण सोन्याइतकं सोपं नाही, परत घेण्याची अट आधी लिहून घ्या.

पिवळ्याचा अजून एक फायदा कुणी सांगत नाही, हिऱ्यात किंचित पिवळट छटा असेल तर ती पिवळ्या सोन्यात खपून जाते, पांढऱ्या धातूत लगेच डोळ्यात भरते. आम्ही हिऱ्याच्या रंगात एक पायरी खाली उतरलो आणि तेच पैसे कटमध्ये, म्हणजे पैलूंच्या घडणीत घातले, लखलखते अंगठी.

दुसरं खटकलं ते बिल. पहिल्या एस्टिमेटमध्ये हिऱ्यासकट सगळं वजन सोन्याच्या भावानं लावलं होतं. एका कॅरेटचा हिरा ०.२ ग्रॅम भरतो, तेवढं वजा झालं पाहिजे, सांगितल्यावर लगेच दुरुस्त केलं पण सांगावं का लागावं? निव्वळ वजन, हिरा, मजुरी, ३ टक्के जीएसटी सगळं वेगवेगळं लिहून मागा. अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का, १८के ७५० आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसला पाहिजे, १ एप्रिल २०२३ पासून विकायला एचयूआयडी लागतोच. तो नंबर बीआयएस केअर ॲपवर तिथेच उभं राहून टाका, मी टाकला, शुद्धता आणि हॉलमार्किंग सेंटर दोन्ही जुळलं.

विकल्यानंतरची सर्विस चांगली आहे, प्रॉन्ग तपासणं आणि पॉलिश फुकट करून देतात. फक्त दिवाळीच्या आधी जाऊ नका, गर्दीत अंगठी ठेवून घेतात, एरवी समोर बसून मिळते.