फिशटँक कशावर ठेवायचा: घरातलं टेबल, तयार कॅबिनेट, प्लायचा स्टँड की लोखंडी?

60 × 30 × 30 सेंमीचा, म्हणजे दोन फुटी टँक भरला की काच, वाळू आणि पाणी मिळून 70 किलोंच्या आसपास जातो. 90 × 38 × 45 चा तीन फुटी 200 किलोंपर्यंत, तर 120 × 45 × 45 चा चार फुटी 300 ते 320 किलो. हिशेब घरीच करता येतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 1000 ने भागा, की लिटर मिळतात. त्या आकड्याला 1.3 ने गुणलं की काच, वाळू, थोडे दगड धरून किलोंचा पुरेसा बरोबर अंदाज येतो. दगडांची मोठी रचना करायची असेल तर दगड वेगळे तोलून मिळवा.

आकडे मोठे वाटतात, पण 18 मिमीच्या उभ्या फळ्यांना हे वजन सरळ खाली गेलं तर जड नाही. स्टँड बिघडतात ते वेगळ्याच कारणांनी: वजन लाकडाऐवजी स्क्रूवर येतं, स्टँड आडवा डुलतो, किंवा पाणी बोर्डात शिरतं. कुठलाही पर्याय बघताना हे तिन्ही तपासा. दुकानात सांगितलेला 'एवढे किलो चालतात' हा आकडा त्यानंतर.

घरात आहे ते फर्निचर

सगळ्यात आधी खाली वाकून वरच्या फळीचा जोड बघा. फळी दोन्ही बाजूंच्या उभ्या फळ्यांवर बसली असेल तर वजन लाकडातून जमिनीवर जातं. ती दोन फळ्यांच्या मधे अडकवलेली असेल, तर सगळा भार चार-सहा स्क्रूंवर किंवा गोल फिरणाऱ्या लॉकवर असतो. टीव्ही युनिट बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोडतं, शिवाय चार-पाच फुटांत मधे आधार नसतो. टीव्हीसाठी ते ठीक, पण तीन फुटी टँक टीव्हीच्या कितीतरी पट जड असतो.

ड्रॉवरचं कपाट दिसायला दणकट असतं. वरची फळी दोन-तीन मिलिमीटर वाकली तरी सगळ्यात वरचा ड्रॉवर घासायला लागतो. तो हवामानाने फुगला असं समजून लोक त्याला मेण लावत बसतात. तोच खरा इशारा असतो. अभ्यासाच्या टेबलाचा दोष वेगळा. चार सुटे पाय बोल्टने लावलेले, त्यामुळे कोपरा ढकलला की वरचा भाग हलतो. टँक भरल्यावर हेच डुलणं पाण्याच्या हेलकाव्याने वाढतं आणि बोल्ट हळूहळू सैल होतात.

आमचं मत असं, की जुन्या भरीव लाकडाचं, वरची फळी पायांवर नीट बसलेलं, न डुलणारं टेबल दोन फुटी टँकला चालतं. त्यापुढे नाही. घडीचं टेबल, चाकांचं ट्रॉली-स्टँड, भिंतीवरची फळी आणि फ्रिज यांचा विचारच नको.

तयार अक्वेरियम कॅबिनेट

टँकच्या मापाचं मिळतं, दिसतं छान, फिल्टर आत लपतो. कोरडं राहिलं तर अनेक वर्षं निभावतं. पण पार्टिकल बोर्ड असो की एमडीएफ, पाणी लागलं की फुगतो, आणि वाळल्यावर मूळ जाडीवर परत येत नाही. फुगलेल्या जागी स्क्रूची पकड जाते. पाणी शिरतं ते लॅमिनेटमधून नाही. पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कच्च्या कडा आणि जमिनीला टेकलेली खालची कड, या दोन जागांतून. म्हणून जोडणी करतानाच प्रत्येक उघड्या कडेला सिलिकॉनचा पातळ थर द्या आणि कॅनिस्टर फिल्टरखाली (टँकबाहेर ठेवायचा, पाइपांनी जोडलेला डब्याचा फिल्टर) उभ्या काठाचा ट्रे ठेवा. पाणी बदलताना होणारी गळती बहुधा तिथेच होते.

मागची फळी हा या कॅबिनेटचा दुबळा भाग. ती 3 मिमीची असली तरी आडवं डुलणं तीच अडवते. पाइप जायला जागा हवी म्हणून अख्खी फळी काढून टाकली, तर कॅबिनेट चौकोनाचं तिरकं व्हायला मोकळं होतं. हवं तेवढंच भोक पाडा. दारं एकमेकांना लागेनाशी झाली, की बिजागरी फिरवण्याआधी पाणसळ लावून बघा.

सुताराकडून करून घेतलेला प्लायचा स्टँड

तीन फुटांपासून पुढे आमची पसंती याला. 18 मिमीचा मरीन दर्जाचा प्लाय घ्या. त्याचा गोंद ओलाव्याने सुटत नाही. सुताराला चार गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. वरची फळी उभ्या फळ्यांवर बसवायची, मधे नाही. दर 60 सेंमीला एक उभी फळी, म्हणजे चार फुटी स्टँडला मधे एक. मागे पूर्ण फळी नको असेल तर वर आणि खाली किमान 10 सेंमी रुंदीच्या पट्ट्या, गोंद आणि स्क्रू दोन्ही लावून. आणि लॅमिनेट आतूनही, कारण ओलावा आतच साठतो. वरची फळी टँकपेक्षा सगळीकडून एखादा सेंटिमीटर मोठी असावी. टँकची कड बाहेर लोंबता कामा नये, एका बाजूने अर्धा सेंटिमीटरसुद्धा.

तोटा म्हणजे वजन आणि खर्च. घर बदलताना हे फर्निचर हलवणं जिवावर येतं.

लोखंडी स्टँड

सगळ्यात कमी जागेत सगळ्यात जास्त ताकद. दोन फुटी टँकला 25 × 25 × 3 मिमीचा अँगल पुरतो. तीन-चार फुटीला 40 मिमीचा चौकोनी पाइप, पत्रा 2 मिमीचा. ताकदीचा प्रश्न इथे सहसा येत नाही, सपाटपणाचा येतो. वेल्डिंगचा उंचवटा कोपऱ्यावर राहिला तर बिनफ्रेमच्या टँकची तळकाच नेमकी त्या बिंदूवर टेकते आणि तडा तिथूनच जातो. उंचवटे घासून घ्या आणि वर 18 मिमी प्लाय टाका. पीळ तपासायचा असेल तर दोन दोरे समोरासमोरच्या कोपऱ्यांतून कर्णावर ताणा. मधे ते एकमेकांना जेमतेम टेकले पाहिजेत. फट राहिली किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं, तर फ्रेम पिळलेली आहे. ती परत वेल्डरकडे द्या.

मागच्या बाजूला एक तिरकी पट्टी हवीच, नाहीतर उंच स्टँड आडवा हलतो. पायांखाली रबरी पॅड किंवा पसरट प्लेट नसेल तर 300 किलो चार छोट्या टोकांवर येतात आणि पोकळ बसलेली फरशी फुटते. खाऱ्या पाण्याच्या टँकला लोखंड टाळाच. मिठाचं पाणी रंगाच्या बारीक चिरेतून शिरून आतून गंजवतं.

विटांचा किंवा दगडी ओटा या सगळ्यांपेक्षा भक्कम, पण पुढे लोंबणाऱ्या दगडावर टँक नको. स्वयंपाकाच्या ओट्यावर तेलाची वाफ पाण्यावर तवंग आणते.

बसवताना

प्लास्टिकच्या फ्रेमचा टँक फक्त चार कडांवर टेकतो; त्याच्याखाली फोम घालू नका, फोम तळकाचेला खालून रेटतो. बिनफ्रेमचा टँक मात्र पूर्ण तळावर बसतो, त्याला 5 ते 10 मिमीचा फोम किंवा थर्मोकोल हवा. बारीक खडे, किरकोळ उंचसखलपणा तो गिळतो, फळीचा झोळ गिळत नाही.

स्टँडमधल्या सॉकेटकडे येणारी प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबू द्या, मग वर आणा. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या वळणावरून खाली ठिबकतं.

जमिनीबद्दल थोडक्यात: तीन फुटांपर्यंतचा टँक काँक्रीटच्या स्लॅबवर भिंतीलगत ठेवला तर सहसा अडचण नाही. लाकडी जमिनीवर स्टँड खालच्या तुळयांना आडवा ठेवा, म्हणजे वजन एकापेक्षा जास्त तुळयांवर वाटलं जाईल. 400-500 लिटरच्या पुढे जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टँक घेऊ नका.

स्टँड कुठलाही घ्या, टँक चढवण्याआधी 20 लिटरचे पाण्याचे कॅन वर ठेवून बघा. 200 किलोंसाठी दहा कॅन, दोन दिवस. समोरच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून मधली फट आधी आणि नंतर मोजा. दीड-दोन मिलिमीटर झोळ आला तर मधे आणखी एक उभी फळी लागेल. मग टँक ठेवून आधी एक तृतीयांश भरा आणि चारही कोपऱ्यांत तळापासून पाण्याची उंची मोजा. फरक 2 मिमीच्या वर असेल तर पाणी काढून पाचर स्टँडच्या पायाखाली घाला, टँक आणि स्टँडच्या मधे कधीच नाही. पुन्हा भरून पुन्हा मोजा, आणि पूर्ण भरल्यावर दुसऱ्या दिवशी आणखी एकदा.