शुक्रवार, रात्रपाळी आणि घुबड: बाबा-मुलाच्या पुस्तकांतलं कुठलं घ्यावं?

माझा आतेभाऊ चाकणला कंपनीत आहे. त्याची आठवडी सुट्टी गुरुवारची आणि चार वर्षांच्या पोराची बालवाडी बंद शनिवार-रविवारी. म्हणजे बाप घरी असतो तेव्हा पोरगं बालवाडीत आणि पोरगं घरी असतं तेव्हा बाप मशीनवर. परवा फोनवर म्हणाला, "दादा, बाबा आणि मुलगा दर आठवड्याला ठरवून काहीतरी करतात, अशी चित्रांची पुस्तकं असतात म्हणे. एकच घ्यायचं तर कुठलं घेऊ?"

एकच म्हटल्यावर पंचाईत झाली. लेकीच्या कपाटात अशी पाच-सहा पुस्तकं आहेत, सगळी इंग्रजीतली. आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' आहे. त्यात राधा घरातल्या माणसांची ओळख करून देते, आणि ते तर हवंच. पण त्याला हवा होता तो बाबा आणि मुलाचा ठरलेला वार. मग सगळी पुस्तकं जमिनीवर मांडून बसलो. चित्रं चांगली की वाईट हे बघायचं नव्हतं, ती सगळ्यांचीच चांगली आहेत. बघायचं होतं एवढंच, की पुस्तकातल्या बाबाने हा वेळ काढला कुठून?

'एव्हरी फ्रायडे' हे डॅन याकारिनो यांचं २००७ चं पुस्तक. लिहिलंय त्यांनीच, चित्रंही त्यांचीच. दर शुक्रवारी सकाळी बाबा आणि मुलगा घरातून निघतात आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात नाश्ता करतात. संपली गोष्ट. वाटेत ओळखीची दुकानं लागतात, माणसं भेटतात. थंडी असो, पाऊस असो, जायचं म्हणजे जायचं. लेखकाच्या स्वतःच्या घरातल्या रिवाजावरून हे पुस्तक निघालं आहे आणि ते जाणवतं, कारण यात काहीही घडवून आणलेलं नाही. कोणी हरवत नाही की कोणाला धडा मिळत नाही. पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा मीच मागचं पान उलटून बघितलं, आणखी काही आहे का. लेक मात्र लगेच म्हणाली, "परत."

यात एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. शुक्रवार हा सुट्टीचा वार नाही. चित्रांतला अख्खा रस्ता घाईत आहे, सगळे कामाला निघालेत, आणि हे दोघं त्याच गर्दीतून रमतगमत चाललेत. पुस्तकाची सगळी गंमत या एका विरोधात आहे. हा रविवारचा निवांत बाप नाही. कामाच्या दिवसातून त्याने तासभर कापून काढलाय.

याच्या शेजारी ठेवायचं ते 'नाइट जॉब'. मजकूर कॅरन हेस यांचा, चित्रं जी. ब्रायन कॅरस यांची, साल २०१८. इथेही वार शुक्रवारच, पण रात्रीचा. बाबा शाळेत रात्रपाळीला साफसफाई करतो आणि शुक्रवारी रात्री मुलगा त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून बरोबर जातो. बाबा झाडू मारतो तोवर रिकाम्या जिममध्ये मुलगा बास्केटबॉल खेळतो. मग दोघं अंड्याचं सँडविच खातात. मुलगा लायब्ररीत वाचत बसतो आणि थोड्या वेळाने पेंगतो. पहाट व्हायच्या आत दोघं घरी. मोठ्या काळोखात जिथे बाबा काम करतोय तेवढाच पिवळा उजेड, अशी चित्रं आहेत.

इथे बाबाने वेळ काढलेलाच नाही. वेळ नाहीच, म्हणून तो मुलाला कामावर घेऊन जातो. पुस्तक त्याचं रडगाणं गात नाही आणि उगाच गोडगोडही करत नाही. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्याशेजारी बसून अभ्यास केलेली, रिक्षात पुढे बापाच्या बाजूला दाटीवाटीने बसून फिरलेली कितीतरी मुलं आहेत. त्यांना हे पुस्तक समजावून सांगावं लागणार नाही. आतेभावाला पहिल्यांदा मी हेच सुचवलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "माझ्या कंपनीत गेटच्या आत पोराला कोण सोडणार?" खरंय. पुस्तकात बघून पोराने तोच हट्ट धरला तर काय? मोठ्या मुलाला, साधारण सहाच्या पुढच्या, हे पुस्तक जास्त लागू पडेल. चार वर्षांच्या पोराला त्यातली शांतता कंटाळवाणी वाटू शकते.

'अ डिफरंट पाँड' (२०१७) दोन्हींपेक्षा जड आहे आणि माझ्या मते या सगळ्यांत उत्तम. घ्यायला मात्र घाई करू नका. कवी बाओ फी यांनी लिहिलं, थी बुई यांनी चित्रं काढली. दोघांचीही मुळं व्हिएतनाममधली. चित्रांसाठी अमेरिकेत कॅल्डेकॉट पुरस्कार देतात, त्याचा २०१८ चा सन्मान याला मिळाला. मिनिआपोलिस शहर, साल १९८२. पहाटेच्या अंधारात बाबा मुलाला हळूच उठवतो, आईची झोप मोडू नये म्हणून, आणि दोघं तळ्यावर मासे पकडायला जातात. हौस म्हणून नाही, रात्रीच्या जेवणासाठी. बाबाने दुसरी नोकरी धरली आहे, त्यामुळे आता आणखी लवकर निघावं लागतं. मुलगा विचारतो, दुसरी नोकरी आहे तर अजून मासे का धरायचे? बाबाचं उत्तर सरळ आहे: इथे सगळंच महाग. पुढे तो आपल्या देशातल्या दुसऱ्या एका तळ्याबद्दल बोलतो, तिथे बरोबर येणाऱ्या आणि युद्धातून परत न आलेल्या भावाबद्दलही. शाळेत कोणीतरी बाबाच्या इंग्रजीला गढूळ नदी म्हणालेलं असतं. मुलाला ते रिमझिम पावसासारखं वाटतं. हे वाक्य मराठीत वाचून दाखवताना दर वेळी माझा आवाज थोडा बसतो.

सासरे मालवणकडचे. पुस्तक चाळून म्हणाले, "गरवूक गेलेले दिसतत." त्यांच्याकडे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणं ही रोजची गोष्ट, त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. पण गळाला लावायच्या जिवंत मासोळीची पोराला दया येते, ते पान त्यांनी दोनदा बघितलं. ज्या घरात मासे खात नाहीत तिथे या पानावर प्रश्न येणार, तयारी ठेवा. काका का मेला, हाही प्रश्न येणारच. म्हणून सहा-सात वर्षांच्या आत नको. हा कार्यक्रम दर आठवड्याचा असं पुस्तक सांगत नाही, पण गळाचं आमिष विकणारा दुकानदार या दोघांना ओळखतो. त्यावरून काय ते कळतं.

'आऊल मून'ची गोष्ट थोडी वेगळी. जेन योलेन यांचा मजकूर, जॉन शोनहर यांची चित्रं. १९८७ चं पुस्तक आणि १९८८ चं कॅल्डेकॉट पदक. हिवाळ्यात रात्री उशिरा, बर्फातून, बाबा मुलीला घेऊन घुबड बघायला जातो. बोलायचं नाही, थंडी वाजते म्हणायचं नाही, वाट बघायची. हा दर आठवड्याचा प्रकार नाही. मूल मोठं झालं की मिळणारा मान आहे, आणि मोठ्या भावंडांना तो आधीच मिळालेला आहे. वाचायला फार सुंदर, फक्त आमच्या आईला तो विषयच पटला नाही. "झोपायच्या वेळी घुबड कशाला?" मग तिने नातीला सांगितलं की घुबडाला दगड मारला तर ते दगड उचलून पाण्यात घासत बसतं आणि दगड झिजतो तसा माणूस झिजतो. आता लेक घुबडाचं पान आलं की आधी ही गोष्ट सांगते, मग पुढे जाऊ देते. एकाच्या पैशात दोन गोष्टी! पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला घुबडांचा महोत्सव भरतो, तिकडे तिला घेऊन जायचं माझ्या मनात आहे.

तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर मात्र वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मो विलेम्स यांचं 'कनफल बनी' (२००४) घ्या. बाबा आणि ट्रिक्सी कपडे धुवायला लाँड्रीत जातात, तिचा कापडी ससा मशीनमध्ये राहतो, तिला अजून बोलता येत नाही आणि बाबाला काही केल्या कळत नाही. मागे ब्रुकलिनचे खरेखुरे फोटो आणि त्यावर रंगीत चित्रातली माणसं. ट्रिक्सीचा बोबडा आकांत मराठीत आणायच्या भानगडीत पडू नका, जसाच्या तसा ओरडा. मुलांना तेच हवं असतं.

आणि एक मुलासाठी नाही, बापासाठी. अँथनी ब्राऊन यांचं 'गोरिला', इंग्लंडमधलं, १९८३ चं. हॅनाला गोरिला फार आवडतात, पण बाबाला वेळ नाही. आत्ता नको, उद्या बघू, शनिवार-रविवारी बघू. शनिवार-रविवार आला की तो दमलेला. स्वयंपाकघरात वर्तमानपत्रामागे बसलेला तो बाप आणि सगळं थंडगार निळं, ते पान बघितलं की पोटात कालवतं. रात्री गोरिला बाबाचा कोट आणि हॅट घालून हॅनाला फिरायला नेतो. कोट अगदी मापात बसतो. सकाळी तिचा वाढदिवस असतो आणि बाबा स्वतःहून विचारतो, जायचं का प्राणीसंग्रहालयात? तेव्हा त्याच्या पँटच्या मागच्या खिशात केळं असतं. मजकुरात त्या केळ्याबद्दल अवाक्षर नाही. मला ते तिसऱ्या वाचनात दिसलं. लेकीला पहिल्यांदाच दिसलं होतं, मला माहीत असेलच असं धरून ती बोलली नव्हती.

भाषेचं म्हणाल तर ही सगळी मी मराठीतच वाचतो, बघत बघत. 'एव्हरी फ्रायडे' त्यात सगळ्यात सोपं जातं. वाक्यं छोटी, डायनरचं हॉटेल होतं, आणि पॅनकेकला आमच्याकडे आंबोळी म्हणतात, त्यावर कोणाची हरकत नाही. 'आऊल मून' सगळ्यात अवघड. त्यातली शांतता इंग्रजी शब्दांच्या लयीत आहे, मराठीत आणताना मी उगाच जास्त बोलतो.

तर आतेभावाला सांगितलं: आत्ता 'एव्हरी फ्रायडे', दोन वर्षांनी 'नाइट जॉब', आणि 'गोरिला' तू एकट्याने वाच. एक इशाराही दिला, की पोराला 'एव्हरी फ्रायडे' वाचून दाखवलंस की तुला जावंच लागेल. आमच्या घरात त्यापायी शनिवारची मंडई आणि नंतरची इडली चालू झाली, आणि ताप असतानाही मला एकदा नेण्यात आलं होतं.

त्याने घेतलं. वाचताना शुक्रवारचा गुरुवार करून वाचतो, पोराला अजून अक्षरं येत नाहीत तोवर चालेल म्हणाला. बालवाडी नऊला, म्हणून दोघं साडेसातला निघतात, चालत, कोपऱ्यावर पोहे खायला. गुरुवारी साडेसात ते नऊ मला फोन करू नकोस, असं बजावलंय.