अग्निसुरक्षा आणि चोरीचा बंदोबस्त: आराखड्यातच की बांधकामानंतर?

सोलापुरात नवा कारखाना बांधू पाहणाऱ्यांना मी दोन्ही मार्गांचा अनुभव सांगू शकतो, कारण अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील माझ्या टॉवेलच्या पहिल्या शेडमध्ये ही सारी व्यवस्था बांधकामानंतर बसवली, तर दुसऱ्या शेडमध्ये ती आराखड्यातच धरली.

नंतर बसवण्यात सुरुवातीचा खर्च विभागला जातो, आणि जुन्या इमारतीत दुसरा पर्याय बहुधा नसतोच. स्लॅब फोडून पाइप नेणे, त्यानंतरची गळती, हे मी सोसले. सोसवले नाही ते मागचे दार. सूत चोरीला जाऊ लागले म्हणून त्याला कुलूप घातले आणि किल्ली पहारेकऱ्याकडे ठेवली. एका रात्री मोटर जळून धूर कोंडला, तेव्हा कामगार त्या दाराशी आणि पहारेकरी पुढच्या फाटकावर होता. कोणालाही इजा झाली नाही. मात्र किल्ली येईपर्यंतची ती वाट पाहणे मी विसरलेलो नाही. मे 2025 मध्ये याच वसाहतीत टॉवेल कारखान्याच्या आगीत 8 जणांचा मृत्यू झाला, तेव्हा मला पुन्हा तेच दार आठवले.

त्या दाराला पॅनिक बार, म्हणजे आतून ढकलताच दार उघडणारा आडवा दांडा, लावायचे ठरवले, पण कुंपणाची भिंत इतकी जवळ आहे की ते बाहेरच्या बाजूला पुरते उघडतच नाही. दुसऱ्या शेडचा नकाशा होण्याआधीच वास्तुविशारद, अग्निसुरक्षा सल्लागार आणि कॅमेरेवाला यांना एकत्र बसवले. तिथले दार आतून ढकलताच उघडते, बाहेरून त्याला मूठच नाही, आणि ते उघडले की पहारेकऱ्याच्या खोलीत घंटा वाजते. चोरीही माझ्या अनुभवात थांबली.

पाण्याचेही तसेच. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पहिल्या शेडच्या टाकीतला आगीसाठीचा साठा रोजच्या वापरात संपत असे. नव्या टाकीत रोजच्या पंपाचा पाणी ओढणारा (सक्शन) पाइप वरच्या पातळीवर घेतला आहे. त्याखालचे पाणी आगीसाठीच राहते. 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दोन्ही शेडना सारखेच लागते, परंतु नव्या शेडच्या तपासणीआधी धावपळ करावी लागत नाही.

प्रत्येकाची जागा आणि ऐपत वेगळी असते, हे मी जाणतो. पैसे अपुरे असतील तर कॅमेरे पुढच्या वर्षी घ्यावेत. दाराची जागा, टाकी आणि बंब फिरण्याइतकी मोकळी वाट मात्र पाया खणण्यापूर्वीच नकाशावर आखून घ्यावी.