गळकी घ्यावी की कोरडी? ढिल्या हायड्रॉलिकच्या दोन जुन्या बॅकहो

मावसभावाला जुनी जेसीबी घ्यायची होती. (बॅकहो कुठल्याही कंपनीचा असो, गावात तो जेसीबीच.) फलटणच्या बाजूला शेततळी, पाइपलाइनच्या चाऱ्या, बांध, अशी कामं होती. महिनाभर हिंडून शेवटी दोन गाड्या उरल्या. दोन्हींचं हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबाने बकेट हलवणारी यंत्रणा) ढिलं आणि दोन्हींचा भाव त्यामुळेच उतरलेला. भाऊ पहिलीवर भाळला होता. मी त्याला दुसरी घ्यायला लावली.

पहिली जुन्या गाड्यांच्या यार्डात उभी होती. नवा पिवळा रंग, होज (ऑइलच्या नळ्या) कोरडे, सिलिंडरवर ऑइलचा टिपूस नाही. दुसरी एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे. रंग उडालेला, डिपरचा (मागच्या हाताचा बकेटकडचा भाग) सिलिंडर ऑइलने माखलेला आणि त्यावर मातीचा थर बसलेला. मालकानेच सांगितलं, "डिपर ओढत नाही, बाकी गाडी चांगली आहे." असं सांगणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्त वेळ थांबतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. हायड्रॉलिकमध्ये वेग येतो पंपाने ढकललेल्या ऑइलच्या प्रमाणातून आणि ताकद येते प्रेशरमधून. रिकामी बकेट झपझप हलते पण मुरुमात दात रुतवले की थांबते, तर प्रेशर कमी पडतंय. रिकामी असतानाही सगळं सावकाश हलतंय, तर पंपाकडून ऑइलच कमी येतंय. दुसरा प्रश्न असा की सगळंच ढिलं आहे की एकच काम? लोडर (पुढची बकेट), बूम (मागच्या हाताचा गाडीकडचा भाग), डिपर, जॅक (गाडीला टेकू देणारे पाय) सगळे मंद असतील तर दोष सगळ्यांच्या सामायिक वाटेवर, म्हणजे पंप, मुख्य रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर हद्दीपलीकडे गेलं की ऑइल टाकीत सोडणारा), टाकीतला स्ट्रेनर (जाळी) किंवा इंजिनचा आरपीएम यांपैकी कुठेतरी. एकच काम मंद असेल तर त्याचा सिलिंडर, त्याचा स्पूल (लिव्हरने सरकून ऑइलची वाट बदलणारा दांडा) किंवा त्याचा स्वतःचा रिलीफ तपासायचा.

यार्डात आम्ही पोचलो तेव्हा इंजिन गार होतं. पूर्ण रेस देऊन लोडर जमिनीपासून वरपर्यंत उचलला. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर 5 सेकंद. भाऊ खूश. मी म्हटलं, आता तासभर खोदून बघू. यार्डवाला म्हणाला, डिझेल कोण घालणार? दहा लिटर आम्हीच ओतलं. तासाभराने तोच लोडर वर जायला 8 सेकंद लागले आणि बूम मातीतून निघताना कण्हायला लागला. ऑइल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या गिअर पंपात दात आणि बॉडी यांच्यामधून मागे पळतं. गार गाडी दाखवणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. दहा मिनिटांच्या ट्रायलवर बयाणा देणं म्हणजे दूध न काढताच म्हैस घेणं.

पण सगळं ढिलं म्हणजे पंपच गेला असं लगेच धरू नका. अशीच गाडी कधीकधी सगळ्यात स्वस्तात सुटते. ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेल्याने रेस पूर्ण येत नसेल, स्ट्रेनर चोंदला असेल, रिलीफचं सेटिंग उतरलं असेल, तर खर्च किरकोळ. स्ट्रेनर चोंदला किंवा सक्शनच्या (टाकीतून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या) होजमधून हवा शिरली तर पंप शिट्टीसारखा ओरडतो. हवेने टाकीत फेसही येतो, आणि ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात बहुधा पाणी आहे. इथे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून प्रेशरचा गेज बघितला, 400 बारचा (बार हे प्रेशरचं माप); तो खोदायच्या आधीच लावून ठेवला होता. बहुतेक बॅकहोंचा मुख्य रिलीफ 200 ते 250 बारच्या दरम्यान असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. सिलिंडर शेवटपर्यंत नेऊन लिव्हर क्षणभर तसाच दाबून धरला. गार असताना 210 आले होते. गरम झाल्यावर पूर्ण रेसला 150 आणि आयडलला जेमतेम 90. खरा उलगडा इथेच होतो. रिलीफ खाली बसला असता तर कमी रेस आणि पूर्ण रेस, दोन्हींवर साधारण सारखाच आकडा दिसला असता. रेसबरोबर प्रेशर चढ-उतार करतंय म्हणजे पंपाच्या पोटातच गळती आहे. लिव्हर दाबल्यावर इंजिनचा आवाजही फारसा उतरला नाही, कारण त्याच्यावर पुरेसा लोडच येत नव्हता.

यार्डवाला म्हणाला, "रिलीफ थोडा टाइट करून देतो, दम येईल." झिजलेल्या पंपाला त्याने काही मिळत नाही, आणि धडधाकट गाडीत असला खेळ केला तर होज फुटतात. रिटर्न फिल्टर मात्र त्याने काढून दिला. कागदाच्या घड्या उलगडल्या तर आत चांदीसारखी बारीक चमक. पंपापेक्षा मला भीती याचीच. हा चुरा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (सगळे स्पूल बसवलेला ठोकळा) आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये फिरलेला असतो. टाकी, लाइन, ब्लॉक न धुता नवा पंप बसवला तर जुन्याचा चुरा नव्याला खातो.

गोठ्यामागची गाडीही तशीच तासभर चालवली. लोडर गार असताना 5 सेकंद, गरम झाल्यावरही 5. गेजवर 220 आणि नंतर 210. लिव्हर दाबला की इंजिन दबायचं आणि पुन्हा उचल घ्यायचं. फक्त डिपर कच खात होता. मग तोच सिलिंडर पूर्ण बाहेर काढला, बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद करून लिव्हर मागेपुढे हलवून प्रेशर सोडलं. रॉडकडचा होज सोडवून त्याच्या तोंडाला प्लग लावला आणि सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवला. सगळे लांब उभे राहिलो आणि भावाने इंजिन चालू करून लिव्हर त्याच दिशेला धरला. सील धड असतं तर साचलेलं चमचाभर ऑइल पडून थांबलं असतं. इथे धार लागली. म्हणजे ऑइल पिस्टनला ओलांडून पलीकडे जात होतं, पिस्टनचं सील गेलं होतं.

गळती शोधताना होजवरून बोट फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईएवढ्या भोकातून येणारं ऑइल कातडीतून आत घुसतं. वर छोटा टिपका दिसतो, आणि वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट जाऊ शकतं.

बूमही खाली येत होता. बकेट अधांतरी ठेवून इंजिन बंद केलं तर दहा मिनिटांत वीतभर उतरली. याचा दोष लोक डोळे झाकून सीलला देतात, पण स्पूल झिजला की ऑइल ब्लॉकमधूनही परत फिरतं, आणि ते सील किटने थांबत नाही. मालकाशी भाव करताना मी हा मुद्दा जोर लावून मांडला.

एका सिलिंडरचं सील किट हजारांत भागतं आणि दिवसभरात बसतं. पंप, नवं ऑइल, धुलाई आणि कदाचित ब्लॉक हे सगळं धरलं तर पहिलीचा वाचलेला भाव तिथेच संपत होता, शिवाय हंगामात गाडी उभी राहिली असती ते वेगळंच. पहिलीच्या मालकाने पंपाच्या खर्चाएवढा भाव आणखी उतरवला असता आणि फिल्टर स्वच्छ निघाला असता, तर मी तिचाही विचार केला असता.

भावाने गळकी घेतली. सिलिंडर उघडला तर रॉडवर उभा ओरखडा निघाला. नुसतं सील टाकलं असतं तर महिन्यात फाटलं असतं, म्हणून रॉडला क्रोम करून घ्यावं लागलं. तो खर्च आमच्या हिशेबात नव्हता. डिपर आता मुरूम ओढतो. बूमचा स्पूल अजून तसाच आहे, रात्री बकेट जमिनीवर टेकवून गाडी लावतो.