कोरियन नाणी जमवायची, तर भोकाची की वॉनची?

आधी किमतीचं बोलू, कारण तिथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. जुनं तितकं महाग, हा हिशेब इथे चालत नाही. 'सांगप्योंग थोंगबो' हे चौकोनी भोकाचं नाणं 1678 पासून, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतर चारच वर्षांनी, जोसॉन राजवटीत नेमाने निघू लागलं आणि दोनशेहून जास्त वर्षं चाललं. निघालंही एवढं, की त्यातली साधी नाणी आज दोघांच्या जेवणाच्या पैशांत मिळतात. उलट वॉनचं, म्हणजे दक्षिण कोरियाच्या आजच्या चलनाचं, 1998 चं 500 चं नाणं बघा! आर्थिक संकटात लोकांनी घरातले गल्ले फोडले, चिल्लर बँकांकडे परत आली, नव्या नाण्यांची गरजच उरली नाही. त्या वर्षी 500 वॉनची फक्त 8,000 नाणी पडली, तीही संचांसाठी. वॉनची वर्षवार मालिका पूर्ण करायला निघालेला गडी हमखास इथे अडकतो.

हे एक नाणं सोडलं, तर वॉन जमवणं सोपं. आकडे वाचता येतात, साल छापलेलं असतं, कोरियाला जाऊन आलेल्या कुणाच्याही पाकिटात दोनचार सापडतात. 100 वॉनवर सेनापती यी सुन-शिन, 5 वॉनवर त्याचं कासव-जहाज, 500 वर करकोचा. माझं आवडतं मात्र 10 वॉन. त्यावर ग्योंगजूच्या बुलगुक्सा मंदिरातला दाबोथाप पॅगोडा आहे. धातू दर्शनी किमतीपेक्षा महाग पडू लागला, तेव्हा 2006 मध्ये त्याला ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा देऊन बारकं केलं. जुनं 4 ग्रॅमचं, नवं 1.22 ग्रॅमचं. दोन्ही तळहातावर घेतली, की नवं खेळण्यातलं वाटतं.

भोकाच्या नाण्याला वेळ द्यावा लागतो. समोरची चारही अक्षरं चिनी. आधी वर, मग खाली, मग उजवीकडे, मग डावीकडे अशी वाचायची. खरी मजा मागच्या बाजूला. नाणं कुठल्या खात्याने काढलं, त्याची खूण तिथे असते: अर्थखातं, लष्करी तालमीचं खातं, प्रांताची कचेरी. शिवाय मालिकेचा आकडा किंवा एखादं अक्षर. त्यामुळे प्रकार हजारोंनी होतात आणि संग्रह 'पूर्ण' कधीच होत नाही. ज्याला रिकामे कप्पे बघवत नाहीत, त्याने या वाटेला जाऊ नये.

ही नाणी ठोकून पाडलेली नाहीत, ओतलेली आहेत. साच्यातून बाहेर येताना ती फांदीला पानं लागावीत तशी एकमेकांना जोडलेली असत. म्हणूनच यांना 'योपजॉन', पानाचा पैसा, म्हणत. मग ती तोडून कडा कानशीने घासत. भिंगाखाली कडेवर ते ओरखडे दिसतात, ओतीव धातूची बारीक छिद्रंही. कड अगदी गुळगुळीत आणि अक्षरं लोण्यासारखी मऊ असली, तर नक्कल समजून मी नाणं परत ठेवतो.

1866 चं 'दांगबेकजॉन' मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. ग्योंगबोकगुंग राजवाडा पुन्हा बांधायच्या खर्चासाठी देवोनगुनने, म्हणजे राजाच्या बापाने आणि खऱ्या कारभाऱ्याने, हे शंभर मुनचं (मुन हे तेव्हाचं चलन) नाणं काढलं. धातू पाचसहा मुनचा, महागाई भडकली आणि वर्षभरात ते काढणं बंद करावं लागलं. गोष्ट इतकी चांगली, की नकलाही भरपूर.

मला कुणी विचारलंच, तर सांगतो: मुलांसोबत जमवणार असाल तर वॉन, एकट्याने रात्री दिव्याखाली बसणार असाल तर योपजॉन. आणि ते घरी आल्यावर चिंच लावून घासू नका. हिरवट-काळी झाक गेली, की घेणारा भाव पाडतो.